टाकीतला बांबू आणि कलम २(१)(जेए)

मी छत्रपती संभाजीनगरात पेटंट एजंट आहे. अपिलात युक्तिवाद वकील करतात. नामंजुरीच्या आदेशाची ओळन् ओळ तपासून त्यांना मुद्दे काढून द्यायचं काम माझं. परवाच्या सुनावणीपासून एक बांबू डोक्यातून जात नाही.

आमचे पक्षकार वाळूज एमआयडीसीतले छोटे कारखानदार. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरण्याआधी दोरीने सोडायचं वायुशोधक यंत्र त्यांनी बनवलं. टाकी शांत असते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू गाळात अडकून असतो, मीटर सगळं ठीक दाखवतं. माणसाचा पाय गाळात पडला की वायू एकदम उसळतो. म्हणून यांनी तरंगत्या डब्याखाली छोटं वल्हं बसवलं. यंत्र आधी स्थिर मोजतं, मग गाळ ढवळतं, पुन्हा मोजतं आणि फरक पाहून भोंगा वाजवतं. चाचणीला मी हजर होतो. आधी ४ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४ भाग वायू), ढवळल्यावर बघता बघता १०० च्या वर! १९४८च्या कारखाने कायद्यात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १० होती. शंभराच्या आसपास तर नाकच बधिर होतं, सडक्या अंड्यांचा वाससुद्धा येईनासा होतो.

पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला तो मोजक्या ओळींत, पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)वर बोट ठेवून: शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड वाटणारा नसावा, अशी त्याची अट. आधार दोन जुन्या दस्तऐवजांचा. डी-१ मध्ये दोरीने सोडायचा शोधक, डी-२ मध्ये प्रयोगशाळेतलं ढवळणीचं भांडं. दोन्ही जोडणं जाणकाराला उघड. का जोडेल, यावर अवाक्षर नाही. उलट डी-१ बजावतं की शिंतोड्यांनी सेन्सरचा पडदा भिजतो, यंत्र स्थिर ठेवा. पूर्वज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि तो जाणकाराला उघड कसा, या तिन्हींचा विचार आदेशात हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात सांगितलं. तरीही असे आदेश निघतात आणि छोट्या अर्जदाराची वर्षं वाया जातात. याचा मला संताप येतो.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी तोंडी नवाच मुद्दा काढला: टाकी साफ करणारे उतरण्याआधी बांबूने गाळ ढवळतातच, मग यात नवं काय? आदेशात नसलेलं कारण अपिलात आणता येत नाही, अशी हरकत आमच्या वकिलांनी घेतली. ती मान्य झाली. आदेश रद्द, दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे फेरसुनावणी.

पण प्रश्न खोटा नव्हता. कायद्यातला जाणकार फक्त पदवीधर अभियंताच का? पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत उतरणाऱ्यांचं ज्ञानही धरलं पाहिजे, असंच माझं मत आहे. आता तेच आमच्या विरुद्ध उभं राहणार.

काल त्याच कारखान्यावरच्या एका जुन्या कामगाराला भेटलो. मामा म्हणाले, "साहेब, बांबूनं वास उठतो, खरंय. पण किती उठला, ते कसं कळावं? अन् ढवळणारा तर तोंडावरच उभा असतोय की."

बांबू हलवणाऱ्यालाच वायू आधी गाठतो, आणि आकडा काही हाती लागत नाही. आमचं यंत्र माणूस लांब असताना ढवळतं आणि फरक मोजतं. फेरसुनावणीत बांबू आम्हीच पहिल्या पानावर मांडणार आहोत, सोबत मामांचं शपथपत्र जोडून. ते तयार आहेत.