‘पास आउट’ झालेली नर्स

इंग्लंडमधला पहिलाच आठवडा. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने विचारलं, नर्सिंग कधी झालं? मी ऐटीत म्हटलं, ‘आय पास्ड आउट इन 2014.’ तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, आता बरी आहेस ना? आपल्याकडे पास आउट म्हणजे डिग्री हातात. तिथे म्हणजे बेशुद्ध पडणं. ‘पास्ड अवे’ म्हणजे तर माणूस गेलाच.

तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठी मी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली होती. त्यात पत्र लिहावं लागतं, तिथे ‘व्हॉमिटेड’ लिहिलं की भागतं. वॉर्डात मात्र रात्रपाळीवाली सांगते, ‘ही ब्रॉट अप हिज टी.’ मला वाटलं, म्हाताऱ्याने वरच्या मजल्यावर चहा नेला! तो ओकला होता. आणि टी म्हणजे तिकडे संध्याकाळचं जेवण. ‘केम राउंड’ ऐकून पेशंट फेरी मारून आला असं समजले; तो बिचारा नुकता शुद्धीवर आला होता.

सध्या महिनाभर सुट्टीवर दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आहे. भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिलाही तिकडेच यायचंय. तिच्या वहीत दोनशे फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे ‘पास आउट’, ‘ब्रिंग अप’सारख्या जोडक्रियापदांची यादी, दिवसभर घोकंपट्टी. मी वही मिटवली. म्हटलं, बोलून टाकलं, बोलून बसली, बोलून दाखवलं, यातला फरक तुला कोणी पाठ करायला लावला होता का? शेपटी बदलली की अर्थ बदलतो, एवढंच. त्यांची शेपटी म्हणजे अप, ऑफ, आउट.

मग ओसरीवरच सराव सुरू. ‘टर्न ऑन द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑन’ही चालतं. पण मोटरऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं : ‘टर्न इट ऑन’. ‘टर्न ऑन इट’ म्हटलं की चुकलं. ‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही. ‘लुक आफ्टर हर’च म्हणायचं.

‘काऊन?’ भाचीने विचारलं. काऊनचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. काही क्रियापदं तुटतात, काही नाही. वाक्यासकट कानावर पडत गेली तशी मला बसली.

तिची खरी अडचण वेगळीच निघाली. ‘आत्या, मले समजून रायलं,’ म्हणत तिने त्याचंच इंग्रजी केलं, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग.’ आपल्या वऱ्हाडीत सगळंच चालू असतं : खाऊन रायलो, समजून रायलं. इंग्रजीत खाणं चालू राहतं, समजणं सहसा नाही. ‘आय अंडरस्टँड’, बस्स. ‘नो’ (माहीत असणं) आणि ‘बिलीव्ह’चंही तेच. हे तिला झटक्यात कळलं, कारण चूक कुठून येते ते तिच्याच बोलीत सापडलं.

रात्री एकला शेतीची लाइन आली. भाऊ हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात उभा. तिथून त्याने फोन केला. भाची घरामागच्या विहिरीकडे धावत ओरडली, ‘आत्या, टर्न इट ऑन की टर्न ऑन इट?’

फोनवर भाऊ खेकसला, ‘मोटर चालू कर वं बाई आधी!’