प्रोलॅक्टिन वाढलं, मागोमाग साखर: माझा अनुभव

पाळी लांबत लांबत बंदच पडली, वजन वाढत गेलं, आणि सगळ्यांनी पीसीओडीचा (अंडाशयाच्या तक्रारीचा) शिक्का मारला. भात सोडला, रोज चालले. तरी उपाशीपोटी साखर १०८ आणि इन्सुलिन २१. या दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की शरीर इन्सुलिनला किती जुमानत नाही याचा अंदाज येतो. माझा आकडा ५.६ निघाला, म्हणजे जास्तच.

हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "छातीतून दुधासारखं काही येतं का?" येत होतं, पण हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, ११२ आलं. गरोदर नसलेल्या बाईचं ते साधारण २५ च्या आत असतं. पण लगेच एमआरआय नाही. आधी गरोदरपणाची आणि थायरॉइडची तपासणी, मग चालू गोळ्यांची चौकशी. माझ्या अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन होतं. प्रोलॅक्टिनला लगाम घालतं ते डोपामाइन हे मेंदूतलं रसायन, आणि हे औषध त्यालाच अडवतं. या कॅप्सूल आपल्याकडे घराघरांत असतात, म्हणून डॉक्टरकडे जाताना सगळी पाकिटं न्याच. कॅप्सूल बदलून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा उतरला, तरी नव्वदीतच. मग एमआरआयमध्ये पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या ग्रंथीत, ६ मिलिमीटरची गाठ दिसली. कॅन्सरची नाही, हे मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण मेंदूतल्या गाठीचा साखरेशी काय संबंध? प्रोलॅक्टिन जास्त झालं की पाळीसाठी मेंदूतून सुटणारे संदेशच मंदावतात. इस्ट्रोजेन घटतं, त्याचा फटका हाडांना बसतो आणि इन्सुलिनच्या कामालाही. भूक वाढते, वजन वाढतं. गरोदरपणात हेच प्रोलॅक्टिन स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन बनवायला मदत करतं. ते शत्रू नाही, माझ्या अंगात अवेळी आणि फार झालं होतं.

कॅबरगोलिन ही प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर. सुरुवातीला मळमळ, उठताना गरगरणं. नंतर ते ओसरलं, पाळी आली. पुढच्या तपासणीत साखर ९४, इन्सुलिन ११. वजन थोडंच उतरलंय, चालणं सुरूच आहे.

गोळी निदान दोनेक वर्षं घ्यावी लागेल, मध्ये पुन्हा एमआरआय. आणखी एक, जे मला मॅडमनी बजावलं: गोळीनंतर पाळी परतण्याआधीही दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर काळजी पहिल्या गोळीपासूनच घ्यायची.