विहीर जागेवर राहते: भरती-ओहोटीच्या वहीतली काही पानं

मंडळी, मागच्या खेपेला वही दाखवली तेव्हा तिच्यात वर्धा नदीत रोज किती पोहलो ते अंतर आणि वेळ एवढंच होतं. यंदा विषय भरकटला. किती, तर रेल्वेनं सातशे किलोमीटरच्या वर, थेट अलिबागपर्यंत.

सुरुवात पोळ्याच्या दिवशी झाली. बैल धुऊन नदीवरून परत येताना साळ्याचा फोन आला, दिवाळीत अलिबागला जायचं का म्हणून. पोरगा तिथंच नाचायला लागला. आबाजी बैलाच्या शिंगाला लावायचं बेगड कापत बसले होते. मला पोहायला यांनीच शिकवलं, पाठीला वाळला भोपळा बांधून, आमच्याच मळ्यातल्या विहिरीत. ते मान वर न करता म्हणाले, "विहिरीत पोहनं अन् समुद्रात पोहनं एक नाही बे. विहीर जाग्यावर रायते."

तेव्हा हसलो. रात्री मात्र भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसलो. पोळा म्हणजे पिठोरी अमावस्या. म्हणजे आम्ही इकडे बैलांना पुरणपोळी चारत होतो तेव्हा तिकडे समुद्राला उधाण होतं. ही गोष्ट चाळीस वर्षं समोर टांगलेली होती आणि माझ्या डोक्यात आली नव्हती.

भाद्रपद, शुद्ध पक्ष

कोकणातला जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, मधे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा. वही न लागता बोटांवर येतं.

मी त्याचं चक्र करायला घेतलं. जाड लग्नपत्रिकेची दोन वर्तुळं कापली. बाहेरच्यावर चोवीस तास, आतल्यावर तीस तिथी, मधे सायकलच्या व्हॉल्वचा नट. पोरानं स्केचपेननं चंद्र रंगवला. पण घरं आखताना गणित अडकलं. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. एका तिथीत एकदम दीड तासाची उडी! बाकी सगळीकडे पंचेचाळीस मिनिटं आणि इथंच दीड तास, हे चंद्राला परवडणारं नाही.

दोन दिवस कपाशीत डवरणी करता करता तेच डोक्यात. मग उलगडलं. तीस तिथ्यांत चंद्र सूर्याच्या तुलनेत पूर्ण एक फेरी मारतो, म्हणजे चोवीस तास फिरून येतो. चोवीस तासांचे तीस भाग केले की अठ्ठेचाळीस मिनिटं होतात, पंचेचाळीस नाही. पाऊणपटीऐवजी तिथीला चारनं गुणून पाचनं भागा. पौर्णिमेला बरोबर बारा येतात, अमावास्येलाही बारा. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर उधाणाच्या दिवसांत हा आकडा पाच-दहा मिनिटांत बसतो. पाऊणपटीचा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. होडीत बसून तोंडी करायला तोच सोपा, आणि कोळ्याला पाऊण तासाच्या फरकानं काही अडत नाही, कारण पाणी त्याच्या डोळ्यासमोर असतं. माझ्यासमोर कपाशी आहे.

आश्विन, कोजागिरीच्या आधी

रोज तक्त्यातली वेळ आणि चक्रावरची वेळ शेजारी शेजारी लिहीत गेलो. तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, मोबाईलवर सहज मिळतात. उधाणाला चक्र पक्कं. पण सप्तमी-अष्टमीला चक्र पाऊण ते एक तास मागे पडायला लागलं. म्हणजे समुद्र लवकर भरत होता आणि माझा पुठ्ठा उशिराची वेळ सांगत होता.

याचं कारण सूर्य. भरती ओढण्यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका ओळीत ओढतात, म्हणून उधाणाची भरती. अष्टमीला काटकोनात ओढतात, म्हणून भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. मधल्या दिवसांत सूर्य भरतीला जरा पुढं-मागं खेचतो. म्हणून भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येते असं आपण म्हणतो, पण उधाणाच्या आसपास हा उशीर चाळीसच्या घरात असतो आणि भांगाला तासाच्याही वर जातो. हे वहीत लिहिलं, खाली लाल रेघ मारली, आणि चक्र मात्र तसंच ठेवलं. या आळसाचं फळ पुढं येतंच.

पोरानं मधेच विचारलं, लोणारचं पाणी तर खारं आहे, मग तिथं भरती काहून येत नाही? प्रश्न झकास आहे. भरती मिठानं येत नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी, आणि त्या फरकानं समुद्र फुगतो. हजारो किलोमीटरच्या समुद्रात तो फरक दिसतो. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं. दोन्ही काठांना चंद्र जवळजवळ सारखाच ओढतो. आपल्या वर्धा नदीचंही तेच. आपल्याकडं पाणी चढतं ते धनोडीच्या धरणाची दारं उघडली की, आणि त्याचा भोंगा ऐकला की डोहातून बाहेर यायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. समुद्राचा भोंगा म्हणजे तिथी, एवढाच काय तो फरक.

नदीतला सराव

सोयाबीन निघाल्यावर नदीला बेताची धार होती. दोन बांबू शंभर मीटरवर रोवले, काठावर दोर आणि ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन साळ्याला उभं केलं. धारेबरोबर शंभर मीटर: १ मिनिट ३५ सेकंद. धारेविरुद्ध: ४ मिनिटं, आणि शेवटी छातीत भाता. गणित केलं तर माझा वेग सेकंदाला पाऊण मीटरही नाही, आणि धारेचा सेकंदाला एक फूट. एवढ्याशा धारेनं माझं हे केलं. समुद्रात लाटा किनाऱ्यावर पाणी लोटतात आणि ते पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत आत धावतं, त्याला रिप करंट म्हणतात. तो जोरावर असला की सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. ऑलिम्पिकवाल्यालाही त्याच्याशी तोंड देऊन किनारा गाठता येणार नाही. माझी काय कथा!

म्हणून सराव बदलला. धारेविरुद्ध पोहणं बंद. धारेत पाठीवर पडून राहायचं, श्वास जागेवर आणायचा, आणि मग काठाला समांतर नाही, तर धारेला आडवं कापत बाहेर पडायचं. समुद्रात रिप किनाऱ्यापासून आत जाते, म्हणून तिला आडवं म्हणजे किनाऱ्याला समांतर. नदीत दिशा फिरते, युक्ती तीच. पहिल्या दिवशी ऐंशी मीटर खाली जाऊन लागलो, आठव्या दिवशी तीस. मला सगळ्यात जड गेलं ते पडून राहणं. विहिरीत शिकलेल्या माणसाचे हात आपोआप जवळच्या कपारीकडं जातात.

कार्तिक शुद्ध सप्तमी, अलिबाग

भाऊबीज आटोपून निघालो. पुलगावहून रात्रीची गाडी, मग गेटवेहून मांडव्याची बोट. पोहोचलो तेव्हा कुलाबा किल्ला समोर, आणि लोक चालत निघालेले. ओहोटीला किल्ल्यात पायी जाता येतं, भरतीला होडी लागते. चक्र काढलं: सप्तमी, भरती पाच छत्तीसला, म्हणजे ओहोटी बारा वाजायच्या आत-बाहेर. तक्ता बघायचा कंटाळा केला. फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर होती हे खरं, पण ते निमित्त.

जाताना पाणी पोटरीला होतं. भांगाचे दिवस, ओहोटीही पुरती उतरत नाही. उधाणाला हाच रस्ता चांगला उघडा पडतो म्हणे. किल्ल्यात गणपतीचं दर्शन घेतलं, गोड्या पाण्याचा हौद पाहिला, पोरानं तोफेवर बसून फोटो काढला. माझ्या पुठ्ठ्याच्या हिशेबानं एक वाजता ओहोटी होऊन जेमतेम तास झालेला. निवांत निघालो. दहा पावलांवर पाणी गुडघ्याला, पुढं मांडीला, आणि पायाखालची वाळू सरकते आहे हे जाणवायला लागलं. पोराला पाणी कमरेच्या वर. साळा म्हणाला, "भाऊजी, तुमचा पुठ्ठा काय म्हनते?"

काहीच म्हणत नव्हता. वहीत लाल रेघेखाली लिहिलेला तो पाऊण-एक तास इथं भेटला होता. ओहोटी अकराच्या सुमारासच होऊन गेली होती. मागं फिरलो, किल्ल्याच्या दारातून घोडागाडीत बसून परत आलो. घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं. गाडीवाले काका एवढंच बोलले, "पाणी वळलं की माणसानं पण वळायचं."

चक्राची चूक दुसऱ्या बाजूची असती, म्हणजे समुद्र उशिरा भरला असता, तर फार तर ताटकळत बसलो असतो. चूक किती आहे यापेक्षा ती कोणत्या बाजूची आहे हे वहीत आधी लिहायला हवं होतं.

अष्टमी, पाण्याबाहेर

या दिवशी पोहायचं नाही असं ठरवलं आणि फक्त पाण्याची कड मोजली. ओहोटी पूर्ण झाली तिथं काठी रोवली. पहिल्या तासात कड आठ पावलं वर आली, तिसऱ्या तासात तेवीस. बारा भागांचा नियम हाच: सहा तासांत पाणी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा भागांनी चढतं. पहिला तास बघून माणूस गाफील होतो. चपला, पिशव्या, आणि वाळूवर हौसेनं उतरवलेल्या गाड्या जातात त्या तिसऱ्या-चौथ्या तासात. आमच्यासमोर एकाचं टॉवेल-कपड्यांचं गाठोडं तरंगलं. मी चिडवणार नव्हतो, आदल्या दिवशीचा मीच होतो.

दशमी, पाण्यात

या वेळी तक्ता. पूर्ण भरती आठच्या सुमारास. आधी जीवरक्षकाला विचारलं, त्यानं हातानंच पट्टा दाखवला: इथून इथपर्यंत, छातीच्या पुढं नाही. सव्वासातला उतरलो, आठला बाहेर. चढत्या पाण्याचा शेवटचा तास मला धार्जिणा वाटला, कारण ओढ किनाऱ्याकडं असते आणि थोड्या वेळात पाणी थबकतं. पण हे सपाट वाळूच्या किनाऱ्याचं झालं. खाडीच्या तोंडाशी हा हिशेब लावू नका. तिथं ओहोटीला अख्खी खाडी एका दारातून रिकामी होते. आणि रिप करंटला भरतीची पर्वा नसते, लाट असली की ती असू शकते. कमी पाण्यात पुष्कळदा ती जास्त जोरात असते. शेजारी शेजारी फुटणाऱ्या दोन लाटांच्या मधे जिथं पाणी शांत, गडद दिसतं, नेमकं तिथं पोहायचा मोह होतो. तीच तिची वाट.

खारं पाणी जरा जास्त तोलून धरतं, ते लगेच कळलं. श्वासाची लय मात्र लाटेनं मोडली, दोनदा नाकात पाणी. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. उतरलो तेव्हा समोर एक वाकडं सुरूचं झाड होतं. वीस मिनिटं आपण तिथल्या तिथंच आहोत असं वाटत होतं. मान वर केली तर झाड दीडशे पावलं मागं. किनाऱ्याला धरून वाहणाऱ्या पाण्यानं मला गुपचूप सरकवलं होतं. त्यानंतर दर दहा हात मारले की एकदा झाड आणि त्यामागचा विजेचा खांब एका रेषेत आहेत का ते बघत राहिलो. रेष फुटली की आपण सरकलो.

याच जिल्ह्यात मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. बाहेर आल्यावर पोराला ते सांगितलं. त्याला वर्षभर आमच्या विहिरीत पोहता येतं, म्हणून तो दिवसभर माझ्यावर रुसला होता की त्याला गुडघ्याच्या पुढं जाऊ दिलं नाही. रुसू दे.

सध्या

चक्राची दुसरी आवृत्ती तयार आहे. षष्ठी ते नवमीच्या घरांवर लाल कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, "तक्ता बघ." चक्राच्या मागं "जून ते ऑगस्ट बंद" असं लिहिलं; पावसाळ्यात उतरायचंच नाही, तर वेळ कशाला काढायची. दोन रेषेतल्या खुणांचा सराव नदीत चालू आहे, बाभूळ आणि मारुतीच्या देवळाचा कळस धरून.

पुढची खेप पौषात. सकाळी साडेआठ-नऊची भरती हवी, म्हणजे हिशेबानं एकादशी येते. आबाजींना दाखवलं. त्यांनी चक्र दोनदा फिरवून पाहिलं, डोळ्याजवळ नेलं, आणि म्हणाले, "एकादशीले उपाशी पोटी समुद्रात? द्वादशी बघ. उपास सोडून जा."

द्वादशीला भरती साडेनऊच्या पुढं येते. बसवतोय.