लोलकावरचा आकडा: मॉस्को ते रयाझान

मॉस्कोच्या भुयारी रेल्वेने पार्तिझान्स्काया स्थानकावर उतरून थोडे चालले की रंगीत लाकडी मनोऱ्यांचा इझमायलोव्होचा बाजार दिसू लागतो. 2019 च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी तिथे पोहोचलो, तेव्हा जुन्या वस्तूंचे विक्रेते नुकतेच टेबलांवर कापड अंथरत होते. मला हवे होते ते सोव्हिएत छत्रीधारी सैनिकांचे बिल्ले, आणि त्यांतही ज्यांच्या खाली उड्यांचा आकडा लिहिलेला लोलक लोंबतो ते.

या छंदाचे मूळ आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलच्या हकिगतीत आहे. 11 डिसेंबर 1971 रोजी भारतीय सेनेच्या 2 पॅरा या पलटणीने तिथे हवाई छत्र्यांनी उड्या घेतल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून घडलेली ही पलटण आपल्या मुलखाशी जोडलेली आहे, आणि तिला नेणाऱ्या विमानांत सोव्हिएत बनावटीची आंतोनोव्ह 12 ही विमानेही होती. ती हकिगत वाचताना, ही विमाने ज्यांच्यासाठी घडवली गेली ते सैनिक छातीवर काय लावत असतील, असा प्रश्न मला पडला आणि तो पुढे सुटला नाही.

सोव्हिएत ऑर्डर आणि पदके यांची खरेदी-विक्री रशियात कायद्याने गुन्हा आहे. बिल्ल्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो शासनाने दिलेला सन्मान नसून एखादे कौशल्य अंगी आल्याची खूण असतो, आणि म्हणूनच बाजारात तो उघडपणे मांडलेला दिसतो. निळ्या मीनाकामावर उघडलेली पांढरी छत्री, तांबडा तारा आणि मागच्या बाजूला मळसूत्रावर बसणारी फिरकी असे त्याचे रूप असते. आपल्याकडे कुड्यांना असते तशीच ही फिरकी, फक्त आकाराने मोठी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात छत्रीधारी, निपुण छत्रीधारी आणि प्रशिक्षक असे वेगवेगळे बिल्ले दिले जात. निपुण आणि प्रशिक्षक यांच्या बिल्ल्यांखाली बारीक कडीत एक लहान लोलक अडकवलेला असे, त्याला तिथले संग्राहक पोद्वेस्का म्हणतात. माणसाच्या उड्या वाढल्या की लोलक बदलायचा आणि बिल्ला तोच ठेवायचा, अशी ती सोय होती.

बिल्ले साच्यातून शेकड्यांनी निघतात. त्यावर एका माणसाचे असे काही असेल, तर तो हा आकडाच, आणि बदलायला सर्वांत सोपाही तोच. हे मी पैसे मोजून शिकलो. आधीच्या एका खेपेला मी 100 आकड्याचा बिल्ला चांगली किंमत देऊन घेतला होता. घरी भिंगाखाली पाहिला, तेव्हा बिल्ल्याची कडी घासून पातळ झालेली होती आणि लोलकाचे भोक मात्र कडेला धारदार, जणू कालच पाडलेले. दहा-वीस वर्षे एकमेकांवर हलणारे दोन धातू दोन्हीही झिजतात. ते दोन भाग एकमेकांचे नव्हते. मीनाही एका कोपऱ्यात दुरुस्त केलेला होता. खरा मीना म्हणजे काचेची पूड धातूच्या खोलगट घरांत भरून भट्टीत वितळवलेली असते. त्यामुळे तो नखाने दबत नाही, भिंगाखाली त्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि तुटलाच तर काचेसारखा कपचा निघतो. माझ्या बिल्ल्याच्या त्या कोपऱ्यात रंग कडेवरून किंचित फुगून बाहेर आला होता आणि नख लावताच त्यावर वण उमटला.

म्हणून या वेळी खरेदीआधी अस्सल नमुने पाहायचे ठरवले आणि बुधवारी कझान्स्की स्थानकावरून रयाझानची गाडी धरली. मॉस्कोच्या आग्नेयेला सुमारे 200 किलोमीटरवर असलेल्या या शहरात हवाई छत्रीधारी सेनेच्या अधिकाऱ्यांचे विद्यालय आहे आणि त्या सेनेच्या इतिहासाचे संग्रहालयही आहे. विद्यालयाला वासिली मार्गेलोव्ह यांचे नाव दिलेले आहे. 1954 ते 1959 आणि पुन्हा 1961 ते 1979 अशी जवळजवळ एक पिढीभर त्यांनी ही सेना सांभाळली. तिच्या रशियन नावाच्या ‘व्हीडीव्ही’ या आद्याक्षरांचा अर्थ सैनिक प्रेमाने ‘वास्याकाकांची सेना’ असा लावतात; वास्या हे वासिलीचेच लाडके रूप. या सेनेचा जन्म मात्र वोरोनेझजवळचा. 2 ऑगस्ट 1930 रोजी तिथल्या सरावात 12 जणांच्या तुकडीने विमानातून उड्या घेतल्या आणि तोच दिवस आजही तिचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. अवघ्या पाच वर्षांनी, 1935 मध्ये, कीव्हजवळच्या युद्धसरावात परदेशी निरीक्षकांसमोर सुमारे 1,200 छत्रीधारी उतरले. त्याच दशकात मॉस्कोच्या गॉर्की उद्यानात नागरिकांसाठी छत्रीने उतरायचा मनोरा उभा होता आणि ओसोआव्हियाखिम ही नागरी संघटना देशभर तरुण-तरुणींना उड्या शिकवत होती. बिल्ला ही त्या काळी केवळ सैनिकाची वस्तू नव्हती, हे संग्राहकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

संग्रहालयात मी बराच वेळ एकाच कपाटासमोर उभा होतो. काचेमागे गणवेशांवर लावलेले बिल्ले होते, म्हणजे लोलक ज्याचा त्याच्याच जागी. कडीचा वरचा कंस आणि लोलकाच्या भोकाची वरची कड दोन्ही सारखीच गुळगुळीत झालेली मला काचेतूनही दिसली. एका बिल्ल्याच्या लोलकाने तर वरच्या धातूवर, हेलकावे खात, अर्धवर्तुळाकार पुसट चरा पाडला होता. असा चरा नंतर कोणी मुद्दाम पाडत बसेल असे मला वाटत नाही. तीच खूण मी वहीत रेखाटून घेतली.

पुढच्या शनिवारी पुन्हा इझमायलोव्होला गेलो. एका वृद्ध विक्रेत्याच्या टेबलावर निपुण छत्रीधाऱ्याचा एक जड, जुना बिल्ला होता. मीना धड होता, फिरकी मूळची वाटत होती, कडी झिजलेली होती आणि वरच्या धातूवर तो अर्धवर्तुळाकार चरा स्पष्ट होता. लोलक मात्र गेलेला होता. आजोबांनी टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले सुटे लोलक कापडावर ओतले.

“कोणता लावून देऊ? दहा, पन्नास, शंभर?” त्यांनी आपुलकीने विचारले.

मी त्यांना म्हटले, “आजोबा, नको. ज्याचा होता त्याच्या उड्या किती झाल्या ते आपल्याला ठाऊक नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, लोलक एकेक करून डब्यात परत टाकले आणि बिल्ला मऊ कागदात गुंडाळून दिला. देण्याआधी त्यांनी फिरकी दोन आटे घट्ट केली, प्रवासात ती पडू नये म्हणून.