पत्त्याशिवाय बर्लिनमध्ये

बर्लिनला आल्यावर मी पहिला जर्मन शब्द शिकले तो ‘आनमेल्डुंग’. राहायला गेलात की सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा. तो कागद नसेल तर इथे पुढचं एकही काम हलत नाही. माझ्या पहिल्या घरमालकाने सही द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा दोन महिने मी सगळ्यांना तीच रडकथा ऐकवत होते.

परवा हाकेशर मार्क्टजवळ रोझेनथालर श्ट्रासे ३९ मध्ये गेले. चित्रांनी रंगलेल्या बोळातून आत जायचं, जिना चढायचा. नाझी राजवटीत इथे ओट्टो वाइट यांचा झाडू-ब्रशचा कारखाना होता. ते स्वतः जवळजवळ अंध, आणि कामगारही बहुतेक अंध किंवा मूकबधिर ज्यू. लष्कराला ब्रश लागत, त्या आडोशाने वाइट माणसं सांभाळायचे. शेवटच्या खोलीला खिडकीच नाही. दारासमोर कपाट, कपाटात टांगलेले कपडे. ते बाजूला सारले की आत शिरता यायचं. चौघांचं हॉर्न कुटुंब तिथे राहिलं. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये फितुरी झाली आणि चौघांना ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, तरी मी उगाचच दबक्या पावलांनी बाहेर आले.

लपणं म्हणजे अशा खोलीत गप्प बसणं, अशीच माझी समजूत होती. पण इंगे डॉइचक्रोन ही ज्यू मुलगी वाइट यांच्याच कचेरीत काम करायची. वय वीस. १९४३ पासून आईबरोबर लपून राहिली, एका ओळखीच्या घरातून दुसऱ्या घरात. रेशनचं कार्ड नाही, म्हणजे पाव-लोणीसुद्धा कोणीतरी स्वतःच्या वाट्यातून द्यायचं. ती वाचली, आणि २०२२ मध्ये ९९ व्या वर्षी गेली.

अशा लोकांना ‘पाणबुड्या’ म्हणत. बर्लिनमध्ये साधारण ७,००० जण असे बुडी मारून राहिले, त्यातले १,७०० च्या आसपास युद्धानंतर वर आले. तरुण मुलांची तर वेगळीच पंचाईत. धडधाकट पोरगा, अंगावर गणवेश नाही, मग आघाडीवर का नाही? रस्त्यात कोणीही कागद मागणार.

चिओमा शोनहाउस हा असाच विशीतला, चित्रकलेचा हात असलेला मुलगा. बर्लिनमधल्याच डालेमच्या चर्चमधली काही माणसं लपलेल्या ज्यूंसाठी दानपेटीत पैशांबरोबर चक्क स्वतःची ओळखपत्रं टाकायची. हा त्यावरचा फोटो बदलायचा आणि शिक्क्याचा गरुड ब्रशने हुबेहूब काढायचा. किती जणांचे जीव त्या ब्रशच्या टोकावर होते!

आणि आनमेल्डुंग? ते तेव्हाही होतंच, पोलिसांकडे. चिओमा भाड्याने खोली घेताना घरमालकिणीला सांगायचा, मला लष्कराचं बोलावणं आलंय, चार दिवसांचा पाहुणा आहे, नोंदणीची कटकट कशाला? आणि बाई मान डोलवायच्या. चार दिवस झाले की नवी खोली, नवी बाई. पुढे पोलीस त्याच्या मागावर लागले, तेव्हा १९४३ च्या शरद ऋतूत स्वतःच बनवलेले कागद खिशात घालून तो सायकलवरून थेट स्वित्झर्लंडला पोचला.