तांबट आळीतला प्रश्न

"तुम्ही पुण्याच्याच ना? मग इतकी वर्षं कुठे होतात?"

हातातली हातोडी न थांबवता काकांनी विचारलं. मला उत्तरच सुचेना.

आज सकाळी कसबा पेठेत हेरिटेज वॉकला गेले होते. लाल महाल झाला, कसबा गणपतीचं दर्शन झालं, मग तांबट आळी. तिथे घरं दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात.

काका तांब्याची घागर मठारत होते. घागर जराशी फिरवायची, एक ठोका. परत फिरवायची, शेजारी दुसरा. प्रत्येक ठोक्याला एक चकचकीत टिकली उमटते आणि दोन टिकल्यांमध्ये जागा उरत नाही. मी इतके दिवस त्याला नुसती नक्षी समजत होते.

"नक्षी नंतर. ठोकून तांबं कडक होतं, भांडं टिकतं," काका म्हणाले.

घरी येऊन माळ्यावरचा आजीचा हंडा काढला. बोट फिरवलं. तेच ठोके! एका जागी ओळ किंचित तिरकी गेलेली. कुणाचा तरी हात तिथे क्षणभर हलला असणार.

शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला, १८२८ च्या आगीत जळाला, हे मला शाळेपासून पाठ. पाहुण्यांनाही मी हेच सांगते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर अजून हात चालताहेत, हे मात्र कधी सांगितलं नाही.

तुमच्या घरी आहे का असं एखादं भांडं? कुणाच्या हातचं, ठाऊक आहे?