गेलेदेचा मुखवटा आणि निळीचे थर

ब्रिटनमधल्या एका संग्रहालयात मी लाकडी वस्तूंच्या संवर्धनाचे काम करते. गेल्या हिवाळ्यात नायजेरियातल्या योरुबा लोकांचा एक गेलेदे मुखवटा, म्हणजे त्यांच्या गेलेदे नावाच्या नृत्योत्सवात घालायचा मुखवटा, माझ्या टेबलावर आला आणि त्यासोबत अभिरक्षकांची सूचनाही आली, की वरचा ‘अलीकडचा’ रंग काढून खालचा मूळ रंग उघडा करावा.

आमच्या कामाचा बराचसा वेळ हात न लावता नुसते पाहण्यात जातो. कानाजवळ रंगाचा टवका उडाला होता, त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा नीळ, पांढरा, पुन्हा नीळ आणि सर्वांत वर चकचकीत तैलरंग असे थर स्पष्ट दिसले. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना देत तीच ही नीळ. ती परदेशी मालाबरोबर तिकडच्या बाजारात पोहोचली आणि कोरकांनी उचलली. असे मुखवटे उत्सवापूर्वी पुन्हा रंगवले जातात. मग वरचा थर नकली कसा? वस्तू वापरात होती याचीच ती खूण आहे, पण जुने तेवढे खरे मानण्याची सवय आमच्या क्षेत्रातून जाता जात नाही.

हा मुखवटा चेहऱ्यावर नव्हे, तर डोक्यावर टोपीसारखा बसतो, आणि त्याच्या काठाला लावलेल्या कापडातून नर्तक बाहेर पाहतो. काठावरची भोके आणि आतले घामाने काळवंडलेले लाकूड याची साक्ष देत होते. तरीही पूर्वी कुणीतरी तो भिंतीवर चेहऱ्यासारखा उभा टांगण्यासाठी मागे खिळा ठोकलेला होता. नाचतात पुरुष, बहुधा स्त्रीवेषात, आणि ते ‘आमच्या माता’ म्हणवल्या जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांची शक्ती प्रसन्न राहावी म्हणून. ही शक्ती संतती देते, तशीच कोपली तर नाशही करते, अशी श्रद्धा आहे. युनेस्कोने २००८ मध्ये हा वारसा आपल्या यादीत घेतला.

त्याच सुमारास नायजेरियातले एक ज्येष्ठ कोरक संग्रहालयात आले होते. त्यांनी रंगाकडे फारसे पाहिले नाही, “याचा जोडीदार कुठे आहे?” एवढेच विचारले. गेलेदे सहसा जोडीने नाचतात. आमच्या नोंदवहीत मात्र एकाच मुखवट्याची, विक्रेत्याकडून खरेदी केल्याची नोंद आहे.

रंग काढू नये, हे माझे म्हणणे शेवटी मान्य झाले. फलकावर ‘बहुधा जोडीतला एक’ असे लिहावे, ही सूचना मात्र पुराव्याअभावी फेटाळली गेली. वरचा रंग मूळचा नाही असे ठरवताना याच मंडळींना पुरावा लागला नव्हता.